पाटी कोणाच्या दारावर

"ही पाटी कसली गं तुझ्या दारावर?" यमूने विचारलं.

खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता ती ती पाटी उलटसुलट करून बघत होती. वीतभर लांबीची लाकडी पाटी, वर काळ्या रंगात एकच शब्द, आणि दाराच्या मुठीला अडकवायला सुतळी.

"हात लावू नकोस. केअरवोखेची आहे ती. या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी, म्हणून माझ्या दारावर."

"केरवोखे? म्हणजे केराचा आठवडा! हा तर आपलाच शब्द की. आणि पत्रात रडत होतीस, जर्मन अवघड आहे म्हणून."

ती मोठ्याने हसली. तिचं ते मिरजेचं हसू चार मजल्यांच्या जिन्यातून गडगडत खाली गेलं. मी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"हळू हस ना जरा."

"का? हसायचीही पाळी असते होय?"

ही १९७८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी श्टुटगार्टला शिष्यवृत्तीवर शिकत होते. लहान मुलं पहिली अक्षरं लिहायला कशी शिकतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. यमू माझी शाळेपासूनची मैत्रीण. दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. तिचं लग्न होऊन चार महिने झाले होते. नवरा मँचेस्टरला डॉक्टर. त्याच्याकडे जाताना वाटेत पाच दिवस माझ्याकडे राहायचं, असं तिने परस्पर ठरवलं होतं आणि कळवलंही होतं. मला आनंद झाला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

भीतीचं कारण होतं माझ्या टेबलावरचा एक कागद. माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत सोमवारी संपत होती. सोमवारी अकरा वाजता परदेशी लोकांच्या कचेरीत जायचं, आणि ही मुलगी माझ्या घरात राहते आणि पुढेही राहील, अशी घरमालकिणीची सही असलेला कागद द्यायचा. सही नसेल तर परवाना नाही, परवाना नाही तर शिष्यवृत्ती नाही, आणि मग दोन वर्षं अर्धवट टाकून मिरजेला परत.

घरमालकीण फ्राउ हेगेले तळमजल्यावर राहायची. सत्तरी ओलांडलेली, ताठ, कमी बोलणारी. कागदपत्रांवर ती फक्त शनिवारी सही करायची. सकाळी सातला ती पाव आणायला जाणार, आठला नाश्ता करणार, नऊला चष्मा पुसून टेबलाशी बसणार. "शनिवारी नऊला या, फ्रॉयलाइन सोहनी," तिने मला सांगितलं होतं. पाहुणीचं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पाच दिवस. बरं. पण जिन्यात आवाज नको."

तिच्या वर, पहिल्या मजल्यावर, हेर म्हणजे श्रीयुत किन्त्सले. रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि घरात कोण किती वाजता आलं-गेलं ते ठाऊक असलेले. दुसऱ्या मजल्यावर एक ग्रीक कुटुंब: कोस्तास कारखान्यात, त्याची बायको एलेनी एका इस्पितळात सफाईला, आणि पाच वर्षांची डेस्पिना. सगळ्यात वर, छपराखालच्या खोलीत, मी. पाटी वरून खाली फिरायची. माझ्यानंतर एलेनी, मग किन्त्सले. शनिवारी जिना धुऊन झाला की संध्याकाळी सहाला आपली पाटी पुढच्या दारावर लावायची.

हे सगळं मी यमूला त्या गुरुवारी समजावून सांगितलं. कुठली खिडकी कधी उघडायची, फोडणी का नको, नळ हळू कसा सोडायचा. ती मान डोलावत होती.

"आणि शनिवारी काय करायचं असतं?"

"पायऱ्या धुवायच्या. कडक तपासतात."

"बास? पायऱ्या धुवायला जर्मनीत यायला लागतं होय?"

मी फक्त 'पायऱ्या' म्हटलं. कुठल्या, ते म्हटलं नाही. पुढच्या सगळ्याला सुरुवात तिथून झाली.

*

शनिवारी सकाळी मला जाग आली ती उदबत्तीच्या वासाने. बाहेर अजून अंधार होता. यमू न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून माझ्या खुर्चीत बसली होती. समोर तिळगुळाचा डबा.

"ऊठ गं बाई. संक्रांत आज. मला पहाटे चारपासून जाग आहे. तुझं सगळं काम उरकलं मी."

"कसलं काम?"

"केराच्या आठवड्याचं. वरपासून खालपर्यंत जिना धुतला, पुसला. जरासुद्धा आवाज केला नाही, अनवाणी केला सगळा. आणि बाहेरच्याही."

"बाहेरच्या काय?"

"पायऱ्या गं! दारापुढच्या. दोन बादल्या चांगलं गरम पाणी ओतलं, खराट्याने घासल्या, आणि वरच्या पायरीवर कमळ काढलं. रांगोळीची पुडी आणली होती मी आईकडून. म्हटलं, अंगण नसेना का, संक्रांतीला दारापुढे सडा तर पडू दे."

माझ्या खिडकीबाहेर एक छोटा थर्मामीटर होता. दिव्याच्या उजेडात मी तो पाहिला. शून्याखाली नऊ. मग घड्याळ पाहिलं. सातला दोन मिनिटं कमी.

तिथे हिवाळ्यात बाहेरच्या पायऱ्यांना कुणी पाणी लावत नाही. कोरड्या झाडतात आणि वर तळघरातली राख पसरतात. यमूला हे कोण सांगणार? तिच्या जगात पाणी वाळतं, गोठत नाही.

मी अनवाणीच पळाले. दुसरा मजला. पहिला मजला. खाली दाराची कडी उघडल्याचा आवाज आला. मी ओरडले, "फ्राउ हेगेले, थांबा!" पण घाईत ते मराठीत ओरडले. मग बाहेर धप्पकन काहीतरी पडलं.

ती पायऱ्यांवर कुशीवर पडली होती. पावाची जाळीची पिशवी रस्त्यापर्यंत घसरत गेली होती. दिव्याच्या उजेडात पायऱ्या काचेसारख्या चकाकत होत्या.

"मला हलवू नका," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच. "उजवा हात मोडलाय. मला ऐकू आलं."

हेर किन्त्सले ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आले, बघून परत आत गेले आणि रुग्णवाहिकेला फोन करून आले. तोवर माझ्यामागून यमू आली होती. तिने स्वतःची शाल म्हातारीवर घातली आणि सरळ त्या बर्फावर बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. "आई गं, आई गं, काय केलं मी हे," ती मराठीत पुटपुटत होती आणि तिचे केस कुरवाळत होती. फ्राउ हेगेलेने डोळे मिटले नाहीत. ती समोर कुठेतरी बघत राहिली.

"पायऱ्यांवर पाणी!" किन्त्सले म्हणाले. "या थंडीत! कोणाचा आठवडा आहे हा?"

मी जिन्याकडे वळले.

"मी... मी आणखी एक पांघरूण आणते," मी म्हटलं.

मी वर गेले. माझ्या दारावर पाटी लटकत होती. किन्त्सले वर येऊन बघणार, हे मला माहीत होतं. नऊ वाजता जी सही व्हायची होती, तीही डोळ्यांपुढे होती. जिना धुऊन झाला आहे, मी मनात म्हटलं. जिना धुऊन झाला की पाटी पुढे जाते. नियमच आहे तसा. मी पाटी काढली, एक मजला उतरले आणि एलेनीच्या दाराच्या मुठीला अडकवली. एलेनी पहाटेच कामाला गेली होती. आत कोस्तास घोरत होता, ते दाराबाहेर ऐकू येत होतं. मग मी पांघरूण घेऊन खाली गेले.

रुग्णवाहिका गेल्यावर मी तळघरातून राख आणली आणि पायऱ्यांवर पसरली. सगळ्यात जास्त राख मी वरच्या पायरीवर टाकली, कमळावर. किन्त्सले वही घेऊन जिना चढून गेले. परत आले तेव्हा त्यांनी एकदाच नाक वर केलं.

"वाटलंच होतं मला. दुसरा मजला."

मी काही बोलले नाही. तोपर्यंत मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते.

*

यमू वर येताना दुसऱ्या मजल्यावर थबकली. खोलीत आल्यावर तिने माझ्याकडे न बघता ओली शाल खुर्चीवर वाळत घातली.

"ती पाटी तिथे कशी गेली?"

"जिना धुऊन झाला की पुढच्या दारावर जाते."

"कधी?"

"संध्याकाळी सहाला."

"आत्ता किती वाजलेत, विभे?"

आठ वाजले होते.

"तुला कळत नाही," मी म्हटलं. "सोमवारी माझी मुदत आहे. आणि तू टुरिस्ट म्हणून आलीयस, उद्या कोणी पोलिसात गेलं तर तुलाच पहिल्यांदा विचारतील. मँचेस्टर राहील बाजूला."

"माझं नाव पुढे करू नकोस. पाणी मी ओतलं, मी सांगते तसं."

"कुठल्या भाषेत?"

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मला भाषा नाही, कबूल. पण तुझी भाषा कुठे गेलीय?"

आम्ही तिळगूळ खाल्ला नाही. डबा तसाच टेबलावर राहिला, त्या कागदाशेजारी.

दुपारी दोनला दारावर टकटक झाली. एलेनी होती, अजून कोटही काढला नव्हता. एका हातात ती पाटी आणि दुसऱ्या हातात पाटीवरून काढलेली चिठ्ठी. ती बोलायची भराभर, पण जर्मन वाचता यायचं नाही. कुठलाही कागद आला की ती माझ्याकडेच आणायची.

"विभा, हे किन्त्सलेचं अक्षर. काय म्हणतोय आता? वाच."

मी वाचलं. आज सकाळी निष्काळजीपणामुळे गंभीर अपघात झाला. जबाबदारी: ज्यांचा आठवडा, त्यांची. घरमालकिणीस कळवण्यात येईल.

एलेनीने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझा आठवडा सोमवारपासून ना?"

मी खांदे उडवले.

"मीच चुकले वाटतं. नाताळच्या सुट्टीत मोजणं राहिलं असेल. पण पहाटे पाचला तर पायऱ्या कोरड्या होत्या. पाणी कुठून आलं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तेव्हा मात्र खोटं बोलले. जर्मनमधले चारच शब्द, आणि तेही अगदी शुद्ध.

"कोस्तासला सांगू नकोस," एलेनी म्हणाली. "तो आधीच म्हणतो, हे लोक आपल्याला इथून काढायला निमित्त शोधतायत. बिचारी म्हातारी. हात मोडलाय म्हणे. मी आणखी राख टाकते." आणि ती पाटी आपल्या दारावर परत लावून, राखेची बादली घ्यायला तळघरात गेली.

मी दार लावलं. यमूने विचारलं, "काय म्हणाली गं?"

मी सांगितलं. माझ्या मनात होतं, ती आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

रविवारी सकाळी यमू खोलीत नव्हती. मी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. ती बाहेरच्या पायऱ्यांवर बसून माझ्या उलथण्याने बर्फ खरवडत होती. शेजारी एलेनी फावडं चालवत होती. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, एक मराठीत, दुसरी ग्रीकमध्ये, आणि मध्येच दोघी हसत होत्या.

तासाभराने यमू वर आली. डोक्यावर लाल लोकरीची टोपी.

"ही कुठली?"

"तिची." यमू धापा टाकत बसली. "मी तिला सांगितलं सगळं. बादली दाखवली, पाणी ओतून दाखवलं, धपकन पडून दाखवलं, आणि दोन्ही कान धरले. असे. दोनदा धरले. तर तिला वाटलं, माझ्या कानांना थंडी वाजतेय. आत पळत गेली आणि ही टोपी आणून घातली माझ्या डोक्यात. वर कॉफी पाजली."

मला हसू आलं. यमूला आलं नाही.

"तिच्या घरची कॉफी प्यायले मी, विभे. तिच्या दारावर तुझी पाटी, आणि डोक्यावर तिची टोपी. मला आता काय करायचं ते सांग."

मी तिच्या हातातलं उलथणं घेतलं आणि नळाखाली धरलं.

दुपारी टॅक्सी आली. फ्राउ हेगेले उतरली, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. किन्त्सले तिला दारातच भेटले. मी वरच्या कठड्याशी उभी राहून ऐकत होते.

"मी तर म्हणतो, एक तारखेला त्यांना घर सोडायला सांगा. अशी माणसं घरात ठेवायची म्हणजे..."

"सोमवारी बघू, हेर किन्त्सले."

"माझ्याकडे सगळं लिहून ठेवलंय, तारीख-वेळेसकट."

"तुमच्याकडे असेलच." मग तिने मान वर केली. मी कठड्यामागे सरकले, पण उशीर झाला होता. "फ्रॉयलाइन सोहनी, तुमचा कागद राहिलाय ना? उद्या आठला या."

चार वाजता डेस्पिना आली. दर रविवारी यायची. तिला मी अक्षरं शिकवायचे, आणि ती कशी शिकते ते वहीत टिपायचे. माझ्या अभ्यासातली ती माझी सगळ्यात आवडती मुलगी. त्या दिवशी मी तिचा हात धरून अक्षर गिरवून घेत होते. माझं लक्ष नव्हतं आणि हात मात्र घट्ट धरला होता.

"सोड ना," ती म्हणाली. "तू धरलंस की ते तुझं अक्षर होतं."

मी हात सोडला. तिने वेडंवाकडं एक 'D' काढलं, पोट उलट्या बाजूला असलेलं. मग त्याच्याकडे बघत तिने विचारलं,

"आम्ही दुसऱ्या घरात राहायला गेलो, तर तू तिथे येशील शिकवायला?"

"कोण म्हणालं, जाणार म्हणून?"

"बाबा. काल रात्री आई रडत होती."

यमूला शब्द कळले नाहीत, पण तिने माझा चेहरा पाहिला. ती उठली, डबा उघडला आणि डेस्पिनाच्या हातावर तिळगुळाच्या दोन वड्या ठेवल्या.

*

सोमवारी मी साडेसातला तयार झाले. हातात कागद. माझ्या दाराची मूठ मोकळी होती. खाली एलेनीच्या दारावर पाटी होती, आणि आता ती तिथे अगदी बरोबर होती. सोमवारपासून आठवडा एलेनीचाच. शनिवारी काय झालं, ते आता कुठल्याही दाराकडे बघून कळणार नव्हतं. दोन दिवस गप्प बसले होते, आणि खोट्याचं खरं होऊन गेलं होतं. आता फक्त खाली जायचं, सही घ्यायची, अकराला कचेरीत पोचायचं.

"हा डबा ने," यमू मागून म्हणाली. "रथसप्तमीपर्यंत चालतो द्यायला." डोक्यावर अजून ती लाल टोपी होती.

"यमू, तिने सही नाही केली तर?"

"तर मिरजेला जाशील. मी तुला पत्र लिहीन." तिने डबा माझ्या हातात कोंबला. "मला भाषा असती तर मीच गेले असते गं."

जिना उतरताना एलेनीचं दार आधी लागतं. मी दोन पायऱ्या पुढे गेले. मग परत चढले आणि टकटक केली.

एलेनी पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. मी सगळं सांगितलं. पाणी कोणी ओतलं, का ओतलं, पाटी कोणी आणि किती वाजता हलवली. 'मला माहीत नाही' हे मी खोटं म्हटलं, तेही. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिने मला थांबवलं नाही.

"मी दोन दिवस मोजत होते," ती शेवटी म्हणाली. "बोटांवर. कोस्तास म्हणाला, तुला साधे आठवडे मोजता येत नाहीत."

"एलेनी..."

"हा आठवडा माझा आहे. शनिवारचा तुझा होता." आणि तिने दार लावून घेतलं. जोरात नाही. हळूच.

खाली फ्राउ हेगेले टेबलाशी बसली होती. चष्मा पुसलेला. समोर दौत, टाक, टिपकागद. प्लास्टरचा हात उशीवर.

"बसा. कागद द्या."

मी कागद दिला नाही. उभ्यानेच बोलायला लागले. जिन्यात मनाशी जुळवलेली वाक्यं विसरले, क्रियापदं मागे-पुढे झाली. शनिवारचा आठवडा माझा होता. पाणी माझ्या मैत्रिणीने ओतलं. आमच्याकडे सणाच्या दिवशी दारापुढे पाणी शिंपडतात, तिला बर्फ माहीत नाही, मी तिला सांगायला हवं होतं. आणि तुम्ही पायरीवर पडला होतात तेव्हा मी वर जाऊन पाटी एलेनीच्या दारावर लावली. एलेनीचा काही दोष नाही. तिला घराबाहेर काढू नका.

बोलणं संपल्यावर मी उभीच राहिले. 

"मला माहीत होतं," फ्राउ हेगेले म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी पडले तेव्हा माझं नाक त्या पायरीपासून एक वीत अंतरावर होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत मी एकच गोष्ट बघत होते. बर्फाखाली पांढरं फूल होतं. आठ पाकळ्यांचं. मी मोजल्या, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या घरात असं फूल कोण काढणार? ग्रीक लोक नाही काढत. किन्त्सले तर नाहीच नाही." ती थांबली. "आणि तुमच्या मैत्रिणीच्या बोटांना तीच पांढरी पूड लागली होती. माझ्या केसांतही आली थोडी."

मी हातातला डबा टेबलावर ठेवला.

"मग तुम्ही शनिवारीच का नाही..."

"तुम्ही येता का, ते बघत होते. शनिवारी इस्पितळात वाटलं, आज येईल. काल वाटलं, वरून बघतेय, आता खाली येईल. एलेनीला घालवणार नव्हतेच मी. पण ते मी किन्त्सलेला सांगितलं असतं, तर तुम्हाला यायचं कारणच उरलं नसतं."

"आणि आज मी नुसता कागद पुढे केला असता तर?"

तिने प्लास्टरचा हात थोडा उचलून दाखवला. "तर म्हटलं असतं, माफ करा, हात मोडलाय, लिहिता येत नाही. आणि ते खोटं नसतं."

मग तिने डाव्या हाताने टाक उचलला. तिच्या बोटांत तो धड बसेना.

"तुम्ही शिकताय ना, मुलं लिहायला कशी शिकतात ते? सांगा, कसा धरू?"

मी सांगितलं. अंगठा असा, पहिलं बोट असं, जोर देऊ नका. मी पुढे सरकवलेल्या कागदाला तिने टाक लावला. शाईचा ठिपका पडला, कागद सरकला. सवयीने मी वाकले आणि तिचा हात धरायला गेले.

"नाही," ती म्हणाली. "हात धरू नका. सही माझी हवी. तुम्ही कागद धरा."

मी कागद धरला. दोन्ही कोपरे, दोन्ही हातांनी. तिने जिभेचं टोक दातांत धरलं आणि लिहायला लागली. तिच्या आडनावात सहा रोमन अक्षरं. त्यांना किती वेळ लागला, सांगता येणार नाही. मला तो सोमवारचा सगळा दिवस वाटला. एक अक्षर ओळ सोडून वर गेलं, एक अर्धवट राहिलं आणि तिने ते परत गिरवलं. शेवटी तिने टाक ठेवला, सहीवर टिपकागद दाबला आणि डब्याकडे बोट दाखवलं.

"त्यात काय आहे?"

*

कचेरीतल्या माणसाने ती सही उजेडात धरून पाहिली. "ही मोठ्या माणसाची सही आहे?" त्याने विचारलं. मी त्यालाही सगळं सांगितलं, बर्फापासून. तो कंटाळला आणि त्याने शिक्का मारला.

मंगळवारी यमू मँचेस्टरला गेली. लाल टोपी परत करायला ती एलेनीच्या दारात गेली होती. एलेनीने घेतली नाही, उलट ती तिच्या कानांवर ओढून नीट बसवली. यमूशी तिचं काही बिनसलं नव्हतंच. माझ्याशी ती वसंतापर्यंत बोलली नाही. मग एकदा एक सरकारी पत्र घेऊन वर आली आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. आधी ती कागदाकडे बघायची, त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत होती. डेस्पिना मात्र एकही रविवार चुकली नाही.

पुढे मी मिरजेला परत आले आणि छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. वर्गात काच फुटायची, शाई सांडायची, कुणाचा तरी डबा कुणीतरी लपवायचं. कोणी केलं ते मला बहुतेक वेळा लगेच कळायचं. मी विचारायचे नाही. दोन दिवस थांबायचे. बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, टेबलाच्या कडेला नख घासत येऊन उभी राहायची.

आणि जूनमध्ये नवी मुलं पाटीवर पहिलं अक्षर काढायला बसायची, तेव्हा आया खिडकीतून सांगायच्या, "बाई, हात धरून गिरवून घ्या ना त्याचा." मी त्याच्याजवळ खाली बसायचे आणि दोन्ही हातांनी पाटी धरायचे.